बॅलन्सर काढलेलं इंजिन

मिस्त्री: ...अजून वेळ गेलेली नाही, भाऊजी. इंजिन खाली घेतलंय, पट्टा उतरवलाय, पुढचं झाकण काढलंय, एवढंच. म्हणाल तर दुपारपर्यंत होतं तसं लावून देतो. पण हे दोन बॅलन्सर एकदा बाहेर आले, की मग गाडी अशी का वागते म्हणून माझ्या नावानं खडे फोडू नका.

भाऊजी: तू मिस्त्री आहेस की वकील? सकाळपासून तोंड चालू आहे नुसतं. हात चालव.

मिस्त्री: तुमच्या बायकोचा भाऊ आहे, म्हणून बोलतोय. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर गुपचूप काढून दिले असते.

भाऊजी: मग समज मी गिऱ्हाईक आहे.

मिस्त्री: गिऱ्हाईक माझ्याच स्टुलावर बसून मलाच दम देत नाही. अहो, तुमच्या शर्यतीच्या गाडीचं प्रत्येक इंजिन मी बांधलं. एकदा तरी बॅलन्सरला हात लावू दिलात? तो लाल गाडीवाला काढून आला होता, आठवतंय? सगळ्यांदेखत त्याला म्हणालात, 'गाडी आणलीस की पिठाची गिरणी?' बिचारा परत इकडे फिरकला नाही.

भाऊजी: तेव्हा मला अक्कल नव्हती.

मिस्त्री: आणि आता कुठून आली एकदम?

भाऊजी: वयानं. हे बघ, ते दोन दांडे मुख्य दांड्याच्या, क्रँकच्या दुप्पट वेगानं गरगर फिरतात. फुकटचं ओझं. चाकाला थेंबभर ताकद देत नाहीत, उलट खातात. त्यांचा पट्टा तुटला तर मोठ्या पट्ट्यात अडकणार आणि अख्खं इंजिन भंगारात जाणार. काढून टाकले की इंजिन मोकळं होतं. चढावर लगेच कळतं.

मिस्त्री: हे सगळं मला ठाऊक आहे हो. मीच सांगितलंय तुम्हाला कधीतरी. ताकद देत नाहीत, कबूल. पण एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन, ते मुळातच थरथरतं. त्याचा स्वभावच आहे तो. हे दोघं बिचारे उलटं वजन घेऊन आत फिरतात आणि ती थरथर तिथल्या तिथं मारतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय शांत इंजिन आहे!

भाऊजी: झालं प्रवचन?

मिस्त्री: झालं. पण नंतर कुठली नळी तडकली, कुठला बोल्ट सैल झाला, तर...

भाऊजी: तर तू आहेस की. काढ.

मिस्त्री: काढतो. तुमच्यापुढं कुणाचं चाललंय? ताईचं चाललं नाही, माझं काय चालणार... हं. सुटला. सावकाश, सावकाश... आला बघा एक. धरा.

भाऊजी: ठेव तिकडे टेबलावर.

मिस्त्री: अहो धरा की. तुमचाच नियम ना? इंजिनातून निघालेली वस्तू आधी दुसऱ्याच्या हातात द्यायची, टेबलावर टाकायची नाही. एकदा मी टाकली तर कानाखाली आवाज काढायला निघाला होतात.

भाऊजी: आज ठेव म्हटलं ना! दर वेळी हुज्जत घालायलाच पाहिजे का?

मिस्त्री: बरं बरं. ठेवला. एवढं अंगावर कशाला येताय?... हा दुसरा. हा तर लोण्यासारखा आला. आता तेलाची भोकं बंद केली की संपलं. तुम्ही चहा सांगा, मी बुशच्या नव्या कड्या ठोकून घेतो.

भाऊजी: बुश मी बसवणार.

मिस्त्री: तुम्ही?

भाऊजी: का, विसरलो असेन असं वाटतं? बुश पाव फेरा फिरवून आत ठोकायचा, म्हणजे त्याचं भोक आणि इंजिनाच्या ब्लॉकचं भोक समोरासमोर येत नाही. तेल तिथून गळत नाही, दाब टिकतो. झालं? पास केलंस मला?

मिस्त्री: मी कोण पास करणारा! बसवा. आपली पद्धत आहेच, एकानं बसवायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तपासणाऱ्यानं पिवळी रेघ मारायची. तोवर मी तो फोन घेऊन येतो, मघापासून वाजतोय.

भाऊजी: जा. आणि निवांत बोल. मला घाई नाही.

मिस्त्री: आलो. फोन ताईचा होता. विचारत होती, जेवायला येणार का. म्हटलं, उशीर होईल. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण मग म्हणाली, राहू दे... झालं तुमचं?

भाऊजी: झालं केव्हाच. मार तुझी रेघ.

मिस्त्री: अशी कशी मारू? बॅटरी द्या इकडे. बघितल्याशिवाय रेघ मारली तर तुम्हीच... भाऊजी.

भाऊजी: काय?

मिस्त्री: हा बुश तिरका गेलाय.

भाऊजी: चष्मा पूस.

मिस्त्री: चष्मा चांगला आहे. या, स्वतः बघा. कडेला तीन ठिकाणी हातोडीचे घाव आहेत. बुश फिरलाच नाही पुरता. भोक निम्मं उघडं आहे. हे असंच बंद करून गाडी घाटात नेली असती, तर अर्ध्या चढावर तेलाचा दाब पडला असता आणि क्रँक जागीच जाम झाला असता.

भाऊजी: असतं नसतं कशाला करतोस? सापडलं ना? काढ आणि दुसरा बसव. होते चूक एखादी.

मिस्त्री: माझ्याकडून होते. तुमच्याकडून नाही होत. तुम्ही डोळे मिटून बुश ठोकायचात. हातोडीचा एक घाव इकडेतिकडे नाही.

भाऊजी: हातोडी तुझी भिकार आहे.

मिस्त्री: वा! नाचता येईना, अंगण वाकडं. भाऊजी, हात दाखवा.

भाऊजी: हात दाखवून अवलक्षण कशाला?

मिस्त्री: चेष्टा पुरे. खिशातून हात काढा.

भाऊजी: तू माझ्या अंगावर आवाज चढवू नकोस हां, सांगून ठेवतो. माझ्याच लग्नात करवला म्हणून मिरवत होतास, पायांत बूट उलटे घालून.

मिस्त्री: मिरवत होतो. आणि तेव्हापासून तुमच्या मागं मागं फिरतोय. म्हणून सांगतो. मागच्या महिन्यात पुढच्या चाकांचे बोल्ट मी आवळले, रेघा तुम्ही मारल्यात. त्या रेघा मी नंतर पाहिल्या. तुमची रेघ म्हणजे पट्टी लावून मारल्यासारखी असायची, पोरं बघायला यायची. आणि त्या कशा होत्या माहीत आहे? मुंगी रंगात पडून चालत गेल्यासारख्या. मी पुसल्या. पुन्हा मारल्या. कुणाला बोललो नाही. मनाला म्हटलं, नजर कमी झाली असेल, वय झालं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

भाऊजी: पुसल्यास?

मिस्त्री: हो.

भाऊजी: चांगलं केलंस... घे. बघ. हे हात. पोटभर बघ. उजवा जास्त, डावा अजून थोडी लाज राखून आहे.

मिस्त्री: अरे देवा.

भाऊजी: देवाला कशाला मध्ये आणतोस? डॉक्टरला आणलं होतं मी. म्हणाला, कंपवात. गोळ्या दिल्यात. सकाळी घेतली की थोडा वेळ हात माझं ऐकतात, मग पुन्हा त्यांचं राज्य. म्हणाला, सावकाश वाढेल. मी विचारलं, सावकाश म्हणजे किती? तर म्हणतो, प्रत्येकाचं वेगळं. म्हटलं, मी आयुष्यात काही सावकाश केलेलं नाही, डॉक्टर. हसला.

मिस्त्री: ताईला ठाऊक आहे?

भाऊजी: मी सांगितलं नाही. पण तुझी ताई हल्ली मला कप अर्धाच भरून देते. चहा संपला की काही न बोलता पुन्हा अर्धा आणून ठेवते. यावरून तूच ठरव.

मिस्त्री: आणि हे बॅलन्सर? थांबा, थांबा. आता आलं माझ्या टाळक्यात. तुम्हाला ताकद नको होती. तुम्हाला थरथर हवी होती.

भाऊजी: हं.

मिस्त्री: गाडीच थडथडली, स्टिअरिंगच हललं, तर हात कुणाचा आणि गाडी कुणाची, कोण सांगणार!

भाऊजी: सगळ्यांचेच हात हलतात मग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मिस्त्री: कुणापासून झाकायची? पंचांपासून? ते तर निशाण दाखवून बाजूला होतात. बघ्यांना काचेतून तुमचं डोकंसुद्धा धड दिसत नाही...

भाऊजी: बोल. थांबलास का?

मिस्त्री: पोरगी.

भाऊजी: शेजारी बसते ती. मांडीवर वही, त्यात घाटाचं एकेक वळण. मोठ्यानं वाचते, मी वळवतो. लहान होती तेव्हा हट्टानं बसली शेजारी, ती आजवर उतरली नाही. तिच्या आणि माझ्या हातांच्या मध्ये एक गिअरची दांडी आहे फक्त. तिनं हे पाहिलं की संपलं.

मिस्त्री: काय संपलं? बरं होईल पाहिलं तर! अहो, माझी भाची आहे ती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि तुम्ही हे असले हात घेऊन तिला... तुम्हाला काही वाटतं की नाही?

भाऊजी: वाटतं. रात्रंदिवस वाटतं. पण रविवारच्या शर्यतीचा हा घाट शेवटचा. मग नाही बसणार.

मिस्त्री: शेवटचा! दारुडाही रोज हेच म्हणतो.

भाऊजी: म्हण. काहीही म्हण. पण मला एक सांग, गाडी सोडली तर मी कोण आहे? मला दुसरं काय येतं? दुकान चालवलं ते बुडवलं. चारचौघांत बोलायला बसलो की भांडण होतं. तुझ्या बहिणीला कधी कुठं फिरायला नेलं नाही, नेलं ते शर्यत बघायला. घरात मला खिळा ठोकता येत नाही नीट, लोकांच्या लग्नात कुठं उभं राहायचं कळत नाही. पण चाकामागं बसलो की मला सगळं कळतं. रस्ता कुठं ओला आहे ते बुडाला कळतं माझ्या. तेवढी एकच जागा आहे रे, जिथं मी कुणापेक्षा कमी नाही. तीही काढून घेतली तर मी संपलो. घरी बसून अर्धा अर्धा कप चहा पीत मरायचं, एवढंच उरलं.

मिस्त्री: असं बोलू नका हो.

भाऊजी: मग कसं बोलू?

मिस्त्री: मला काय माहीत कसं बोलायचं! मला इंजिन समजतं. ऐका. मी बुश बसवतो, इंजिन गाडीत चढवतो. तुम्ही म्हणता तसं, बॅलन्सरशिवाय. पण माझी एक अट. पोरीला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं, गाडी घाटात जायच्या आधी. ती ऐकून म्हणाली, बसते, तर बसू दे. मी मध्ये येणार नाही. पण तिला न सांगता गाडी या दारातून बाहेर पडणार नाही. मी किल्ली गिळीन, पण देणार नाही.

भाऊजी: आणि ती नाही म्हणाली तर?

मिस्त्री: तर नाही.

भाऊजी: सांगतो.

मिस्त्री: माझ्या डोळ्यांत बघून सांगा.

भाऊजी: सांगतो म्हटलं ना! आण तो बुश. तूच ठोक.

(इंजिन गाडीत बसलं आहे. दोन दिवसांनी, दुपारी, त्याच गॅरेजमध्ये.)

भाची: मामा, बोनेट उघडं का आहे अजून? मला वाटलं, तयार आहे. मी अर्धी सुट्टी टाकून आले.

मिस्त्री: तयारच आहे, पोरी. पहिल्यांदा चालू करणार होतो, म्हटलं तू आल्याशिवाय नको. तुझ्या बाबांना काहीतरी सांगायचंय तुला. हो ना, भाऊजी?

भाऊजी: आधी गाडी चालू होऊ दे. बस तू शेजारी. पट्टा लाव.

मिस्त्री: भाऊजी, आधी...

भाऊजी: आधी इंजिन! तेलाचा दाब बघायचा की नाही? तू समोर थांब, मी किल्ली फिरवतो.

भाची: तुमचं काय चाललंय दोघांचं? मामा, तुझा चेहरा असा काय झालाय? रडलास की काय?

मिस्त्री: पेट्रोलचा वास चढलाय. बस, बाळा. काही नाही.

भाऊजी: फिरवतो. मागं हो रे... हां! लागलं. पहिल्या झटक्यात लागलं! दाब काय दाखवतोय? बघ, सुईनं कशी उसळी मारली!

मिस्त्री: गळती नाही कुठं. इथं सगळं कोरडं आहे. जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!

भाची: बाबा, हे काय? आरसा केवढा हलतोय! दात वाजतायत माझे.

भाऊजी: बॅलन्सर काढून टाकले. मोकळं झालं इंजिन. चढावर बघच तू आता, उडेल गाडी.

भाची: तुम्ही? बॅलन्सर? लाल गाडीवाल्याला पिठाची गिरणी म्हणाला होतात तुम्ही. मी होते तिथं.

भाऊजी: माणूस शिकतो. वाच वहीतलं काहीतरी. आवाज पोचतो का बघू.

भाची: नाही वाचता येत. अक्षरं नाचतायत.

भाऊजी: सवय होईल. थोडा वेग वाढवला की कमी होतं. हे बघ.

भाची: वाढलं उलट.

भाऊजी: वाच म्हटलं ना!

मिस्त्री: भाऊजी, मी इथं बोनेटपाशी उभा आहे, पण मला सगळं दिसतंय. तुम्ही सांगणार आहात की मी सांगू? तुम्ही शब्द दिलाय मला.

भाची: काय सांगायचंय? बाबा, माझ्याकडे बघा. हे बॅलन्सर माझ्यासाठी काढले ना?

भाऊजी: तुझ्यासाठी कशाला?

भाची: कारण गाडीत तुमच्या हातांकडे बघणारी मी एकटीच आहे.

भाऊजी: काय बोलतेस?

भाची: मागच्या हंगामात पुलाच्या अलीकडचं उजवं वळण. तुमचा हात गिअरच्या दांडीवरून घसरला. तुम्ही म्हणालात, घाम आलाय. बाहेर हाडं गोठायची थंडी होती, बाबा.

भाऊजी: तेव्हापासून?

भाची: तेव्हापासून मी खात्री करून घेत होते. नंतर बघणंच बंद केलं. वहीतून डोकं वर काढत नव्हते. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी मन लावून वाचते.

भाऊजी: तूच सांगितलंस हिला. मेहुण्या, तूच...

मिस्त्री: आईशपथ नाही! मला स्वतःला परवा कळलं नीट.

भाची: मामानं काही सांगितलं नाही. आणि आता सगळं बोलायचंच ठरलं असेल तर ऐका. पूर्वी वळण दिसायच्या बेताला मी सांगायचे. तुम्हीच शिकवलं होतं तसं. लवकर सांगशील तर मी विसरेन, उशिरा सांगशील तर दरीत जाऊ, म्हणायचात. त्या पुलानंतर मी लवकर सांगायला लागले. हे वळण संपायच्या आत पुढचं. म्हणजे तुमच्या हाताला तयारीला वेळ मिळायचा. अवघड असेल तिथं दोनदा सांगायचे. एकदाही विचारलं नाहीत, दोनदा का सांगतेस म्हणून.

भाऊजी: मागच्या हंगामात आपण दुसरे आलो.

भाची: हो.

भाऊजी: मला वाटलं, अजून आहे माझ्यात.

भाची: आहे की, बाबा.

भाऊजी: गप बस. थापा मारू नकोस. आणि तू रे? इकडे ये. बोनेटमागं लपू नकोस. हे स्टिअरिंगवर जाड कातडं चढवलंस, काय म्हणाला होतास? नवीन निघालंय, सगळे लावतात. आणि ही गिअरची दांडी लांब केलीस. म्हणालास, तुमची पाठ वाकायला नको.

मिस्त्री: पाठ पण वाकते हो तुमची.

भाऊजी: सांग खरं.

मिस्त्री: लांब दांडीला जोर कमी लागतो. जाड कातडं घट्ट धरता येतं. आता काय सांगू? मला वाटलं, थोडं सोपं करून द्यावं.

भाऊजी: म्हणजे ती वळणं आधी सांगते. तू दांडी हलकी करतोस, रेघा पुसतोस. तुझी ताई कप अर्धा भरते. आणि मी आपला छाती पुढं काढून फिरतोय गावभर. घाट चढवला म्हणे मी! मग मी काय चालवत होतो? सांगा की. सगळ्यांना ठाऊक होतं आणि लपवत मी बसलो होतो! खिशात हात घालून! लहान पोरं डोळे मिटतात आणि म्हणतात, मी लपलो, शोधा. तसा.

भाची: आम्ही हसलो नाही, बाबा. कुणीच हसलं नाही.

भाऊजी: हसला असतात तर बरं झालं असतं. तेव्हाच उतरलो असतो.

भाची: उतरला असतात?

भाऊजी: नाही.

मिस्त्री: भाऊजी, बंद करतो इंजिन. डोकं उठलंय सगळ्यांचं. बाहेर बसून बोलू.

भाऊजी: हात लावू नकोस. चालू राहू दे. हे बंद झालं की माझेच तेवढे हलत राहतील.

भाची: बघा, माझाही हलतोय. नीट धरला तरी हलतोय. मामा, तुझा दाखव. बोनेटवर ठेव.

मिस्त्री: हलतोय. अख्खा हलतोय मी.

भाऊजी: लहान मूल समजू नका मला.

भाची: बरं. मग मोठ्यासारखं बोलते. रविवारी जायचं असेल तर मी बसते. अक्षरं नाचली तरी चालतील, घाट मला पाठ आहे. वही न बघता सांगेन.

मिस्त्री: पोरी, काय बोलतेस हे! वेड लागलं का? मी बुश बसवला, इंजिन गाडीत चढवलं, सगळं केलं, ते तू नाही म्हणशील म्हणून. मला वाटलं, तू तरी नाही म्हणशील!

भाची: माझ्यावर कशाला टाकलंस, मामा? तूच म्हणायचं होतंस की.

मिस्त्री: मला जमलं असतं तर म्हणालो नसतो का!

भाऊजी: तुला भीती नाही वाटत?

भाची: वाटते.

भाऊजी: किती?

भाची: त्या पुलानंतर प्रत्येक वळणाला. रात्री घरी आले की पाय थंड पडलेले असतात. आईला म्हणते, दमलेय.

भाऊजी: आणि तरी बसलीस? हंगामभर? एकदा तोंडातून निघालं नाही तुझ्या, बाबा, पुरे?

भाची: तुम्ही दुसरे आल्यावर जेवताना किती बोलायचात. आई ऐकत बसायची.

भाऊजी: मी तुला मारलं असतं गं. एका वळणात. आणि तू मला वळणं सांगत गेली असतीस.

भाची: हो.

भाऊजी: संपलं. नाही जायचं रविवारी. ऐकलंस रे? नाही जायचं. गाडी इथंच राहू दे... मेहुण्या, आता तरी तोंड उघड. एरवी बंद होत नाही तुझं.

मिस्त्री: काय बोलू? मी सुटलो असं वाटायला पाहिजे. नाही वाटत.

भाऊजी: पोरी, असं कर. तू ये या बाजूला. तू चालव. मी शेजारी बसतो, वळणं सांगतो. आवाज शाबूत आहे माझा अजून. घाट मलाही पाठ आहे. हा तुझा मामा बॅलन्सर परत बसवेल, दोन दिवसांचं काम. बसवशील ना रे?

मिस्त्री: आत्ता हातात पाना घेतो, भाऊजी. तुम्ही म्हणा फक्त.

भाची: नको, मामा.

भाऊजी: का? येईल तुला. मी शिकवतो. सगळं शिकवतो, एकही गोष्ट हातची राखणार नाही. माझ्यापेक्षा चांगली चालवशील. नजर आहे तुझ्याकडे, धीर आहे. बघ की, केवढा धीर आहे!

भाची: मला नाही चालवायची, बाबा. मला गाड्या आवडत नाहीत. वासानं मळमळतं. कधीच आवडल्या नाहीत.

भाऊजी: मग इतकी वर्षं शेजारी बसून काय करत होतीस?

भाची: तुम्ही घरी कुठं असायचात?

भाऊजी: बंद कर रे इंजिन.

मिस्त्री: करतो.